चित्रातील कापड आणि घरातील कापड



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी लहान वाटेल. घराच्या अंतर्भागाचे जे चित्र हल्ली संगणकावर तयार केले जाते, त्यातील सोफा, खुर्ची, पलंग व पडदे यांवरील कापडाचा पोत खऱ्यासारखा कसा दिसावा, एवढाच तो विषय आहे. परंतु ह्याच चित्रावर विसंबून अनेक कुटुंबे आपल्या वर्षानुवर्षांच्या बचतीचा मोठा भाग खर्च करीत असतात. आणि कोणते कापड त्या चित्रात दिसते व कोणते दिसत नाही, ह्यावर विणकरांच्या कामाचाही काही अंश अवलंबून राहू लागला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ चित्रकाराच्या कौशल्याचा राहत नाही. विश्वासाचा आणि उपजीविकेचा प्रश्न त्यात मिसळलेला आहे, आणि त्याच दृष्टीने आज त्याचा विचार करावयाचा आहे.

हे व्याख्यान कोरमंगला येथे होत आहे, हेही औचित्याला धरून आहे. एका जुन्या खेड्याच्या परिसरात आखीव रीतीने वाढलेली ही वसाहत आपणा सर्वांस परिचित आहे. १९९७ साली कर्नाटकात झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे क्रीडानगरीच्या इमारती उभ्या राहिल्या, व पुढे त्यांत कुटुंबे राहू लागली. २००७ साली फ्लिपकार्ट ह्या संस्थेचा आरंभ येथल्याच एका सदनिकेत झाला. वस्तू न हाताळता, केवळ तिचे चित्र पाहून विकत घेण्याची जी सवय आपल्या देशाला लागली, तिच्या इतिहासात ह्या वस्तीला असे एक स्थान आहे. घराच्या सजावटीचा व्यवसायही त्याच वाटेने गेला. लिव्हस्पेस व होमलेन ह्या दोन्ही संस्था २०१४ साली बंगळूर शहरातच स्थापन झाल्या, आणि ग्राहकाला त्याचे भावी घर त्रिमितीय चित्ररूपाने आधी दाखवून मग ते प्रत्यक्षात उतरविण्याची पद्धत रूढ होत गेली. आज ह्या परिसरातील कितीतरी लहान कार्यालयांत तरुण मंडळी अशी चित्रे तयार करण्यात गुंतलेली दिसतात.

आता दुसरी गोष्ट पाहा. ह्या वसाहतीच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, केंद्रीय रेशीम मंडळाचे कार्यालय आहे. १९४८ च्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या ह्या मंडळाचे नाव शेजारच्या चौकाला मिळाले, आणि २०२५ साली सुरू झालेल्या पिवळ्या मेट्रो मार्गावरील स्थानकालाही मिळाले. परंतु बंगळूरच्या सामान्य नागरिकास 'सिल्क बोर्ड' म्हटले की आठवते ती वाहनांची कोंडी. रेशीम आठवत नाही. चित्रातील कापड तयार करणारे व खऱ्या धाग्याची परीक्षा करणारे असे हे दोन वर्ग एकमेकांपासून फार तर एक-दोन मैलांवर काम करतात, आणि तरीही त्यांची परस्परांशी ओळख नाही. प्रस्तुत व्याख्यानाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे की, ही ओळख झाल्यावाचून चित्रातील कापड खरे होणार नाही.

प्रथम कापड म्हणजे काय ते पाहू. सपाट रंगीत पृष्ठभाग म्हणजे कापड, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः कापड ही एक बारीक रचना आहे. उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांच्या वरखाली जातात आणि त्या वरखाली जाण्याच्या क्रमाला आपण वीण म्हणतो. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक वर व खाली जातो. त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य लहान उंचवटे तयार होतात, प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो व कापड शांत, निस्तेज दिसते. तिरप्या विणीत, जशी ती जीनच्या कापडात असते, उंचवट्यांच्या कर्णरेषा उमटतात. साटिनच्या विणीत धागा चार किंवा त्याहून अधिक धाग्यांवरून न गुंतता सरळ जातो. म्हणून त्यावर प्रकाश एकसंध परावर्तित होतो व चमक येते. तीच रेशमाची सुते, परंतु वीण बदलली की तेज बदलते.

मखमलीची गोष्ट याहून निराळी आहे. तिच्या पृष्ठभागावर उभ्या तंतूंची दाट लव असते. समोरून पाहिले असता दृष्टी त्या लवेच्या गर्दीत शिरते व रंग गडद भासतो; परंतु सोफ्याच्या हाताची गोलाई जेथे वळते तेथे आपण लवेच्या टोकांकडे तिरकस पाहत असतो, आणि तेथे कडेला उजळ रेघ दिसते. संगमरवर किंवा लाखेचा पृष्ठभाग असा वागत नाही. ज्या चित्रात मखमलीवर मधोमध पांढरा ठिपका चमकत असेल, त्या चित्रातील सोफा मखमलीचा न दिसता रंगविलेल्या प्लॅस्टिकचा दिसतो. पाहणाऱ्याला दोष सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याच्या डोळ्याला कळते. कारण कापडाशी आपला परिचय जन्मापासूनचा असतो.

संगणकाला हे सारे शिकविण्यास दीर्घ काळ लागला. १९७४ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी आपल्या प्रबंधात त्रिमितीय आकृतीवर चित्र पांघरण्याची रीत मांडली. ही पोताची पहिली पायरी होय. परंतु पांघरलेले चित्र सपाटच राहत असे. १९७८ साली जेम्स ब्लिन यांनी असे दाखविले की, पृष्ठभाग प्रत्यक्षात न उंचावता, प्रत्येक ठिकाणी त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे एवढेच बदलून हिशेब केला, तरी सुरकुत्या व उंचवटे यांचा भास निर्माण होतो. १९८६ साली जेम्स कजिया यांनी एका समीकरणाच्या रूपाने प्रकाशाच्या एकूण येण्याजाण्याचा हिशेब मांडला. भिंतीवरून गादीवर व गादीवरून जमिनीवर पडणारा प्रकाश त्यात सामावला. १९९९ साली अमेरिकेतील कोलंबिया व नेदरलँड्समधील युट्रेख्ट ह्या विद्यापीठांच्या संशोधकांनी कापड, चामडे, दगड इत्यादींचे ६१ नमुने घेऊन, प्रकाशाची व पाहण्याची दिशा बदलत, प्रत्येकाची २०० हून अधिक छायाचित्रे घेतली. एकच नमुना दिशा बदलताच किती निराळा दिसतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. २०१२ साली डिस्ने संस्थेतील तंत्रज्ञांनी जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात कापडाच्या कडेला येणाऱ्या मंद झळाळीसाठी स्वतंत्र परिमाण ठेवलेले होते. आज बाजारात मिळणाऱ्या साधनांत ह्या शोधांचा अर्क उतरलेला आहे.

साधने हाती असूनही चित्रे खोटी का दिसतात? बहुतेक वेळा कारण गणिताचे नसते. चित्र करणाऱ्याने ते कापड हाती घेतलेले नसते, हे खरे कारण असते. याचे सर्वांत ठळक उदाहरण प्रमाणाचे आहे. समजा, सोफ्याच्या कापडात एका सेंटिमीटरमध्ये वीस धागे आहेत व सोफा दोन मीटर रुंद आहे. म्हणजे त्याच्या रुंदीत चार हजार धागे आले. संपूर्ण खोलीचे चित्र दोन हजार चित्रबिंदू रुंद असून त्यापैकी एक हजार बिंदू सोफ्याने व्यापले, तर एकेका बिंदूत चार धागे सामावतील. अर्थात धागा दिसणे शक्यच नाही. तरीही पुष्कळ चित्रांत सोफ्याची वीण स्पष्ट दिसते. कारण विणीचा तुकडा मोठा करून पांघरलेला असतो. धागा स्पष्ट दिसण्यासाठी त्याला चार बिंदू लागतात असे धरले, तर तो धागा आठ मिलिमीटर जाडीचा ठरतो. असा सोफा म्हणजे सोफा नव्हे, ती दोरखंडाने विणलेली बाज झाली! दुरून कापड ओळखले जाते ते धाग्यावरून नव्हे. ते कसे पडते, कडेला कसे उजळते, घडीत किती गडद होते ह्यांवरून ओळखले जाते. धागा जवळच्या चित्रात दाखवावा, आणि तेथे तो मोजून दाखवावा.

दुसरी गोष्ट पन्ह्याची. सजावटीसाठी गिरणीत विणल्या जाणाऱ्या कापडाचा पन्हा सामान्यतः १३७ सेंटिमीटर, म्हणजे ५४ इंच असतो. दोन मीटर रुंद पाठीवर ते कापड उभे लावले तर कोठेतरी शिवण येणारच. आडवे लावले तर शिवण टळेल, पण नक्षीची दिशा फिरेल. सोफा बनविणारा कारागीर हा विचार कात्री लावण्यापूर्वी करतो. तो नक्षी शिवणीवर जुळवतो, मखमलीची लव सर्व भागांवर एकाच दिशेने, वरून खाली, येईल असे पाहतो. कारण एक भाग उलटा लागला तर एकाच थानातील कापड दोन रंगांचे दिसते. चित्र करणाऱ्याला ह्यातील कशाचीच अडचण नसते. त्याचे कापड अमर्याद रुंद असते, त्याला शिवण नसते आणि लवेला दिशा नसते. मग प्रत्यक्ष सोफा घरी येतो, पाठीच्या मधोमध शिवण दिसते, आणि ग्राहक कारागिराला दोष देतो. दोष त्या चित्राचा असतो. शिवण, कडेची दोरी, बसल्यावर गादीवर पडणारी मऊ चुणी ही चित्रातील व्यंगे समजू नयेत. कापडाची ओळख पटविणाऱ्या खुणा त्याच होत.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. कापडाचा रंग कापडात जेवढा असतो तेवढाच तो दिव्यात असतो. आपल्याकडे अनेक घरांत सुमारे ६५०० केल्विनचा पांढरा निळसर प्रकाश असतो. चित्रांत मात्र बहुधा २७०० ते ३००० केल्विनचा सोनेरी संध्याप्रकाश दाखविलेला असतो. त्या उबदार प्रकाशात सुंदर दिसणारा मातकट तांबडा रंग ट्यूबलाइटखाली निस्तेज होतो. एवढेच नव्हे, तर दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेली दोन कापडे एका प्रकाशात तंतोतंत जुळतात व दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसतात, हे प्रत्येक रंगाऱ्यास ठाऊक असते. म्हणून माझी सूचना अशी की, ग्राहकाला दाखविण्याचे चित्र निदान दोन प्रकाशांत करावे: एक दुपारच्या खिडकीच्या उजेडात, आणि दुसरे त्याच्या घरात जो दिवा खरोखर लागणार आहे त्या दिव्यात.

ह्या संदर्भात स्वीडनच्या आयकिया ह्या प्रसिद्ध फर्निचर संस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे. २००६ साली तिच्या सूचिपत्रात संगणकावर तयार केलेले एका लाकडी खुर्चीचे चित्र प्रथम छापले गेले; २०१४ पर्यंत तिच्या सुट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश चित्रे संगणकावर बनू लागली होती. प्रारंभी ही चित्रे निर्जीव होत. तेव्हा त्या संस्थेने छायाचित्रकारांना संगणकावरील काम शिकविले आणि संगणकावर काम करणाऱ्यांना कॅमेरा हाती घ्यावयास लावला. बंगळूरमध्ये ह्या संस्थेचे दालन २०२२ साली नागसंद्र येथे उघडले, पण तिचा हा धडा आपल्याकडे फारसा पोहोचला नाही. कोरमंगल्यातील तरुण चित्रकाराने वर्षातून आठ दिवस सोफा बनविणाऱ्या कारागिराजवळ व आठ दिवस विणकराच्या मागाजवळ घालविले, तर कोणत्याही नव्या साधनापेक्षा त्याचा अधिक लाभ होईल.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे वळू. छायाचित्राविषयी आपली अशी समजूत असते की, समोर काहीतरी होते म्हणून ते निघाले. संगणकीय चित्राला असा कोणताही पूर्वज नसतो. जे अद्याप अस्तित्वात नाही त्याचे ते चित्र असते, म्हणजेच ते एक वचन असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद केली आहे, आणि २०२० च्या ई-व्यापारविषयक नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असावी लागते. परंतु पोताविषयीचा तंटा न्यायासनापुढे नेणे सोपे नाही. 'चित्रात मऊ दिसत होते' हा पुरावा कसा मांडावयाचा? म्हणून ह्या बाबतीत कायद्याहून व्यवसायाची शिस्त अधिक उपयोगी पडेल. रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या प्रेरणेने २००४ साली 'सिल्क मार्क' ही खूण अस्तित्वात आली. चित्रासाठी एवढा खटाटोप नको. चित्राखाली चार ओळी पुरे आहेत. कापड कशाचे, पन्हा किती, चित्र कोणत्या प्रकाशात केले, आणि त्या कापडाचा तुकडा कोठे हाताळावयास मिळेल. कापड किती घर्षण सोसेल, घाम व धूळ यांनी ते कसे होईल, हे कोणतेही चित्र सांगू शकत नाही. ते हातातला तुकडा व प्रयोगशाळेतील परीक्षाच सांगते. जे सांगता येत नाही ते आपण दाखविले आहे, असा आव चित्राने आणू नये.

शेवटचा मुद्दा विणकरांचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्र करणारा कापड निवडतो ते कपाटातून नव्हे, तर पोतांच्या संगणकीय संग्रहातून. त्या संग्रहांत युरोपीय धाटणीचे लिनन, मखमल व लोकरी कापड विपुल मिळते. आपल्याकडील खण, हिमरू, सोलापुरी जकार्ड किंवा हातसुताची खादी तेथे क्वचितच आढळते. जे संग्रहात नाही ते चित्रात येत नाही. जे चित्रात नाही ते ग्राहक मागत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत आपल्या देशात सुमारे ३५ लाख लोक ह्या उद्योगात असल्याचे आढळले. त्यांच्या मालाला कोणी नाकारलेले नाही. तो निवडीच्या वेळी समोरच नसतो.

बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथला खण पाहा. कर्नाटकात विणला जाणारा व महाराष्ट्रात घरोघरी ओटी भरताना वापरला जाणारा हा कपडा दोन्ही प्रांतांचा आहे, आणि हल्ली उशांच्या अभ्र्यांसाठी व आसनांसाठीही त्याला मागणी आहे. पुष्कळ खणांत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. म्हणून कापड हलले की रंग फिरतो. पैठणीच्या धूपछाव छटेचे रहस्यही हेच. खणाचा सपाट फोटो काढून तो उशीवर पांघरला, तर नक्षी येते पण धूपछाव हरवते. ती आणावयाची तर ताण्याचे व बाण्याचे परावर्तन वेगवेगळे मांडावे लागते. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू, ज्यात सूत व रेशीम एकत्र विणले जाते, ह्याच परीक्षेत अडते. कारण एकाच कापडावर निस्तेज व चमकदार असे दोन पृष्ठभाग शेजारी नांदतात. खादीत तर हाताने कातलेल्या सुताची जाडी जागोजाग बदलते. तिचा वीतभर तुकडा घेऊन तोच पुनःपुन्हा जोडला की एकच गाठ दर वीतभर अंतरावर दिसू लागते आणि हाताचे काम छापील भासते.

असा संग्रह उभारण्यास मोठे भांडवल लागत नाही. कापडाचा निदान दोन हात लांबीचा तुकडा सपाट ताणून ठेवावा. शेजारी मोजपट्टी व रंगांचा प्रमाणित तक्ता ठेवावा. कॅमेरा न हलविता दिवा आठ दिशांनी फिरवून आठ छायाचित्रे घ्यावीत. त्यांतून उंचवट्यांची दिशा कशी काढावी हे रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० सालीच दाखविले आहे, आणि आज ते काम करणारी साधने सहज मिळतात.

मात्र एक धोका डोळ्यांआड करून चालणार नाही. जे रूप चित्रात उतरविता येते, ते पॉलिएस्टरवर छापताही येते. भौगोलिक मानांकनाने नावाचे रक्षण होते. पण नाव न घेता केलेल्या नकलेपुढे ते पुष्कळदा अपुरे पडते. त्यामुळे असा प्रत्येक पोत विणकरांच्या सहकारी संस्थेच्या संमतीने नोंदविला जावा, त्यासोबत गावाचे व विणीचे नाव कायम राहावे, आणि ते पाहून मागणी नोंदविणाऱ्यास मागापर्यंत पोहोचण्याचा मार्ग तेथेच मिळावा. नाहीतर विणकराचे चित्र विकले जाईल आणि माग बंद राहील.

मागाचा व संगणकाचा संबंध नवा नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोझेफ जकार्ड यांनी भोके पाडलेल्या पट्ट्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला, आणि पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी त्याच पट्ट्यांची कल्पना घेतली. धागा वर किंवा खाली, भोक आहे किंवा नाही, ही भाषा विणकराची होती. ती संगणकाने पुढे चालविली. हे ऋण फेडण्याची संधी ह्या वसाहतीत बसलेल्या आपणांस आज मिळाली आहे. येथून निघाल्यावर आपण एवढेच करावे: पुढच्या चित्रात जे कापड वापरणार आहात, त्याचा एक तुकडा मागवून घ्यावा, खिडकीपाशी नेऊन दुमडून पाहावा, धागे मोजावेत, आणि मगच संगणकासमोर बसावे.